कलम उचललेल्या मुलाचा हिशेब



या लेखात मी आपल्यापुढे एक प्रश्न ठेवणार आहे. त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते, म्हणून आधी ती चूक सांगतो.

आमचे कोन हे गाव कल्याण-भिवंडी रस्त्यावर, दुर्गाडी किल्ल्याच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या तीरावर वसलेले आहे. भोवताली गोदामे, कपडा रंगवण्याचे कारखाने, गॅरेज आणि पंक्चर काढणाऱ्यांच्या टपऱ्या आहेत. थिनर, रंग आणि सोल्यूशन यांचा वास आमच्या मुलांना लहानपणापासून परिचयाचा असतो. गेल्या हिवाळ्यात एके दिवशी असरच्या नमाजनंतर मी एका बंद गोदामामागच्या वाटेने येत होतो. तिथे आमच्याच मकतबमधील तीन मुले भिंतीला टेकून बसली होती. एकाच्या तोंडाशी फडके होते आणि पंक्चरच्या सोल्यूशनचा उग्र वास पसरला होता. मला राग अनावर झाला. मी त्या मुलाचे नाव घेऊन ओरडलो आणि हात उगारून धावलो. दोघे जागच्या जागी थिजले. तिसरा, ज्याचे वय जेमतेम तेरा वर्षांचे असेल, उठला आणि रस्त्याच्या दिशेने सुसाट पळाला. एका टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक दाबला म्हणून तो वाचला.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर मी मुलांसमोर नशेच्या हराम असण्यावर कडक भाषण केले आणि आपले कर्तव्य पार पडले असे समजून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी एका डॉक्टरांना सांगितली. ते आमच्याच सफमध्ये उभे राहणारे नमाजी आहेत. सगळे ऐकून ते म्हणाले, "मौलाना, टेम्पो आला नसता तरीही तो मुलगा मरू शकला असता. ती वाफ शरीरात असताना माणूस घाबरला आणि धावला, तर चालता चालता त्याचे हृदय बंद पडू शकते. तुम्ही त्याला नेमके तेच करायला लावले."

त्या रात्री मला झोप लागली नाही. तो मुलगा मेला असता तर अल्लाहच्या दरबारात कोणाच्या नावावर काय लिहिले गेले असते?

तीन आठवडे तो मकतबला आला नाही. आला तेव्हा त्याने मलाच प्रश्न विचारला, "मौलाना, ती दारू नाही. आम्ही पीत नाही, फक्त वास घेतो. दुकानात उघड मिळते. पोलीसही धरत नाहीत. कुरआनमध्ये तिचे नावही नाही. मग हराम कशी?" मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा नव्हता. तो प्रामाणिक होता आणि त्याला प्रामाणिक उत्तर मिळणे हा त्याचा हक्क होता. म्हणून आधी त्याच्या प्रश्नाचे उत्तर पाहू आणि मग माझ्या प्रश्नाकडे येऊ.

ही वाफ काय करते

पंक्चरचे सोल्यूशन, व्हाइटनर, रंगाचा थिनर, फर्निचर चिकटवण्याचा गोंद, नेलपॉलिश काढण्याचे द्रव, पेट्रोल या वस्तू आपापल्या कामासाठी पूर्णपणे वैध आहेत. त्यांपैकी अनेकांत टोल्युइन किंवा तत्सम द्रावक असते. द्रावकाचे काम म्हणजे चिकट आणि तेलकट पदार्थ विरघळवणे. त्याची वाफ श्वासाबरोबर फुप्फुसात आणि तिथून रक्तात जाते. मेंदूत स्निग्धांश विपुल असल्यामुळे काही क्षणांतच ती मेंदूत पोहोचते. मुलाला जी गुंगी सुखाची वाटते, ती वस्तुतः मेंदूचे कार्य मंदावल्याची खूण असते.

दीर्घकाळ टोल्युइन हुंगणाऱ्याच्या मेंदूतील पांढऱ्या द्रव्याची झीज होते. स्मरणशक्ती जाते, चाल अडखळते, दृष्टी आणि श्रवण दुबळे होतात, मूत्रपिंडे बिघडतात. काही गोंदांमध्ये हेक्झेन असते. ते हातापायांच्या नसा निकामी करते. पेट्रोलमधील बेंझीन हाडांच्या मगजावर, म्हणजे जिथे रक्त तयार होते त्या जागेवरच, आघात करते. परंतु सर्वांत भयंकर धोका वेगळाच आहे. ही वाफ हृदयाला ॲड्रिनॅलिन या संप्रेरकाबाबत अतिसंवेदनशील बनवते. भीती, धावपळ किंवा भांडण यांमुळे ते संप्रेरक अचानक वाढले की हृदयाचा ठेका बिघडतो आणि मृत्यू ओढवतो. १९७० मध्ये अमेरिकेतील डॉक्टर मिलार्ड बास यांनी अशा ११० तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्र या मृत्यूला ओळखते. त्यासाठी वर्षानुवर्षांचे व्यसन लागत नाही. पहिल्या वेळीही तो येऊ शकतो.

हा मोजक्या बिघडलेल्या मुलांचा प्रश्न आहे, असे समजून पान उलटू नका. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेतील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात हुंगण्याची नशा ही एकमेव अशी नशा आढळली, जिचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे. प्रौढांत ते ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वर्षे वयोगटात १.१७ टक्के होते. या व्यसनासाठी मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या देशात सुमारे ४ लाख ६० हजार असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. अशा मुलांची संख्या मोठी असलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे.

नाव नाही, म्हणून मनाई नाही का?

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यमनला निघाले, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना तिथल्या दोन पेयांविषयी विचारले. एक मधापासून बनत असे आणि दुसरे जवापासून. प्रेषितांनी (स.) त्या पेयांची नावे घेऊन वेगवेगळे निर्णय दिले नाहीत. जे जे नशा आणते ते ते निषिद्ध आहे, असा एक नियम दिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही घटना नमूद आहे. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी मिंबरवरून खम्र या शब्दाचाच अर्थ उलगडला. द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव यांपासून होणाऱ्या मद्याचा उल्लेख करून त्यांनी सांगितले की जे बुद्धीवर पडदा टाकते ते खम्र होय.

वाचकहो, या दोन्ही ठिकाणी लक्ष वस्तूच्या नावावर नसून तिच्या परिणामावर आहे. उद्या बाजारात कोणती वस्तू येईल, हे माणसाला ठाऊक नसते. नियम परिणामावर बांधलेला असल्यामुळे तो प्रत्येक नव्या वस्तूला लागू पडतो. दिव्य कुरआनने (सूरह अल-माइदा : ९०-९१) मद्याच्या मनाईची कारणेही सांगितली आहेत : त्यातून वैर उत्पन्न होते आणि माणूस अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून दूर जातो. त्या गोदामामागे असरची अजान ऐकू येत होती आणि तीन मुलांना ती ऐकू आली नाही. आणखी कोणते उदाहरण द्यावे?

"पीत नाही, वास घेतो" या युक्तिवादाचे उत्तर मुलाला वुजूतच सापडले. हजरत लकीत बिन सबिरा (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) शिकवले की वुजू करताना नाकात पाणी चांगले ओढावे, मात्र रोजा असेल तर तसे करू नये. म्हणजे नाक ही शरीरात प्रवेश करण्याची वाट आहे, हे शरीयतने फार पूर्वी मान्य केले आहे. म्हणूनच मुद्दाम धूर ओढून आत घेणाऱ्याचा रोजा तुटतो, असे फकीह सांगतात. मी हे सांगितले तेव्हा तो मुलगा हसला. "म्हणजे रमजानमध्ये नाकाला कुलूप आणि बाकीचे अकरा महिने उघडे?" असे मी विचारले, तेव्हा त्याने मान खाली घातली.

हा प्रश्न फकीहांपुढे प्रथमच आला आहे, असेही नाही. भांग आणि हशीश यांचा प्रसार मुस्लिम जगतात वाढला, तेव्हा अगदी हाच वाद उभा राहिला होता. ती प्यायची वस्तू नव्हती आणि कुरआन-हदीसमध्ये तिचे नाव नव्हते. मालिकी पंथाचे इमाम कराफी (रह.) यांनी नशा आणणारे, बुद्धी बिघडवणारे आणि झोप आणणारे असे पदार्थांचे तीन वर्ग पाडले. त्यांच्या मते हशीश दुसऱ्या वर्गात येते. म्हणून तिच्यावर मद्याची ठरलेली शिक्षा लागू होत नाही आणि ती मद्यासारखी नजिसही नाही. तरीही तिचे सेवन निषिद्धच आहे. शाफई पंथाचे इमाम झरकशी (रह.) यांनी तर हशीशच्या मनाईवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

इमाम कराफींच्या या विवेचनात आपल्यासाठी मोठा धडा आहे. एखाद्या कृत्याला ठरलेली शिक्षा नसणे ही एक गोष्ट आणि ते कृत्य वैध असणे ही दुसरी. या दोन गोष्टींची गल्लत केली की माणूस शिक्षेच्या यादीलाच धर्म समजू लागतो.

इथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. रंगारी, सुतार, गॅरेजमधला कारागीर यांच्या नाकात ही वाफ कामाच्या ओघात जाते. त्यांच्यावर गुन्ह्याचा ठपका नाही, कारण कर्मांचा निर्णय हेतूवर होतो. मात्र खिडक्या उघड्या ठेवणे, तोंडाला मास्क बांधणे आणि लहान मुलांना त्या कामाला न लावणे ही त्यांचीही जबाबदारी आहे, कारण आपल्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नये हा कुरआनचा आदेश (सूरह अल-बकरा : १९५) सर्वांसाठी आहे.

एक शेवटचा बचाव राहतो आणि तो मला सर्वांत अधिक टोचतो. रेल्वे फलाटांवर राहणारी मुले सांगतात की वाफेमुळे भूक विसरायला होते. शरीयतने भुकेने मरणाऱ्याला मृत जनावराचे मांस खाण्याचीही सवलत दिली आहे. मग इथे का नाही? कारण त्या मांसाने जीव वाचतो. वाफेने भूक भागत नाही, फक्त भूक लागल्याची जाणीव जाते. उपाशी मूल उपाशीच राहते. परंतु या उत्तराने आपण मोकळे होत नाही. त्या मुलासाठी वाफ निषिद्ध आहे असे जो म्हणतो, त्याच्यावर त्या मुलाला भाकर देण्याचे कर्तव्य येते.

देशाचा कायदा काय म्हणतो

मुलाचे "पोलीसही धरत नाहीत" हे म्हणणे काही अंशी खरे आहे. गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्यात गांजा, चरस, अफू, हेरॉईन यांचा समावेश आहे. पंक्चरचे सोल्यूशन, थिनर किंवा व्हाइटनर यांचा नाही. त्यामुळे केवळ वाफ हुंगली म्हणून त्या कायद्याखाली गुन्हा होत नाही. जुलै २०१२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने बाटलीतील व्हाइटनर आणि ते पातळ करण्याचे द्रव यांवर बंदी घातली. पेन किंवा तशाच साधनात, मर्यादित प्रमाणात आणि वाफेच्या दुष्परिणामाची सूचना छापूनच व्हाइटनर विकता येईल, असे ठरले. परंतु सोल्यूशन आणि थिनर ही कारागिरांची रोजची गरज आहे. त्यांच्यावर अशी सरसकट बंदी घालणे कठीण आहे.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार डॉक्टरांच्या सल्ल्याविना मुलाला मद्य, गुंगीकारक द्रव्य, तंबाखूजन्य पदार्थ किंवा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कलमाच्या शब्दांतही सोल्यूशनचे नाव नाही. परंतु या कायद्याची दिशा लक्षात घ्या. अमली पदार्थांच्या विळख्यात ओढले जाण्याची शक्यता असलेल्या मुलाला हा कायदा काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल मानतो आणि त्याला बाल कल्याण समितीपुढे नेण्यास सांगतो. त्याला तो गुन्हेगार म्हणत नाही. गुन्हेगार म्हणून तो देणाऱ्याकडे बोट दाखवतो.

कायदा करणाऱ्यांना वस्तूचे नाव लिहावे लागते. श्रद्धावंताला तेवढ्यावर थांबता येत नाही. कायदा जिथे गप्प आहे, तिथे ईशभय बोलते. ज्याच्या मनात फक्त पोलिसांचे भय आहे, त्याला गोदामामागची जागा पुरते. ज्याला अल्लाह पाहतो आहे हे ठाऊक आहे, त्याला अशी जागा कुठेच मिळत नाही.

मग हिशेब कोणाचा?

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर झाले. आता माझ्या प्रश्नाकडे येतो.

एका प्रसिद्ध हदीसनुसार तिघांवरून कलम उचललेले आहे : झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि बुद्धी गमावलेला शुद्धीवर येईपर्यंत. वयात येण्याची शारीरिक लक्षणे दिसली नाहीत, तर शाफई मतानुसार चांद्र वर्षांची पंधरा वर्षे ही मर्यादा आहे आणि हनफी पंथातही फतवा पंधरावरच आहे. आमच्या भागात कोकणी घरे शाफई आणि मोमिन घरे हनफी असली, तरी या मुद्द्यावर दोघांचा हिशेब एकच येतो. म्हणजे त्या तीन मुलांपैकी निदान एकाच्या खात्यात त्या दिवशी कदाचित काहीच लिहिले गेले नसेल.

इथे काही पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. "अजून लहान आहे, गुनाह लागत नाही." काही जण याउलट म्हणतात, "मुलाचा गुनाह बापाच्या माथी जातो." दोन्ही विधाने चुकीची आहेत. कोणताही जीव दुसऱ्याचे ओझे उचलणार नाही, हे कुरआनने (सूरह अल-अनआम : १६४) स्पष्ट केले आहे. मुलाचे कृत्य बापाच्या खात्यात जात नाही. परंतु बापाच्या खात्यात बापाचे कृत्य तर जाते. प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाबद्दल विचारले जाईल, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मेंढरू दरीत पडले तर मेंढराला जाब विचारला जात नाही. राखणदाराला विचारले जाते, आणि तेही मेंढराच्या पडण्याबद्दल नव्हे, त्या वेळी तो स्वतः कुठे होता याबद्दल.

म्हणून मुलावरून कलम उचलले जाते, तेव्हा ते कलम बाजूला ठेवले जात नाही. ते आपल्या पानावर चालू असते. बाप, आई, शिक्षक, इमाम, दुकानदार, शेजारी यांनी काय पाहिले, काय टाळले, काय विकले आणि कसे बोलले, हे सगळे त्यात लिहिले जात असते.

दुकानदार बंधूंना माझी विशेष विनंती आहे. द्राक्षाचा रस मद्य बनवणाऱ्याला विकावा की नाही, यावर फकीहांनी चर्चा केली आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यांनी विक्रीला वाव ठेवला, कारण रसाचे रूप बदलल्यानंतरच पाप घडते आणि मध्ये खरेदीदाराची स्वतंत्र निवड येते. त्यांच्या दोन्ही शिष्यांना मात्र ही विक्री पसंत नव्हती आणि शाफई मतानुसार हेतू निश्चित ठाऊक असेल तर ती निषिद्ध आहे. माझ्या अल्पमतीनुसार, सोल्यूशन मुलाला विकणाऱ्याला इमाम साहेबांच्या मताचाही आसरा मिळत नाही. सोल्यूशन रूप न बदलता तसेच हुंगले जाते आणि ज्याची बुद्धी अजून परिपक्व नाही, त्या मुलाच्या निवडीला स्वतंत्र निवड कशी म्हणावी? हातात ना सायकल, ना टायर, आणि तेच मूल आठवड्यातून तीनदा सोल्यूशनची ट्यूब मागते, तेव्हा ती कशासाठी हे विक्रेत्याला कळते. त्या दहा-वीस रुपयांत बरकत कुठून येणार?

जगातही अनुभव हाच आहे. ब्रिटनने १९८५ मध्ये कायदा केला, तो हुंगणाऱ्या मुलाविरुद्ध नव्हता. अठरा वर्षांखालील मूल हुंगण्यासाठी वापरणार हे माहीत असून किंवा तसा संशय घेण्यास कारण असूनही त्याला असा पदार्थ पुरवणाऱ्याविरुद्ध होता. मध्य ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांत मुले पेट्रोल हुंगून मरत होती. तिथे २००५ पासून गुंगी आणणारे घटक अत्यल्प असलेले ओपल नावाचे पेट्रोल आणले गेले आणि हुंगण्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले. मोठ्यांनी आपले काम केले, तेव्हा मुले वाचली.

भय दाखवणाऱ्याची जबाबदारी

आता माझ्या खात्याविषयी. मी त्या मुलाला निषिद्धापासून रोखायला धावलो होतो. हेतू चांगला होता. मग दोष कसला?

फिक्हच्या ग्रंथांत हजरत उमर (रजि.) यांचा एक प्रसंग नमूद आहे. त्यांनी एका स्त्रीला चौकशीसाठी बोलावणे पाठवले. ती गर्भवती होती. खलीफांच्या बोलावण्याची धास्ती घेऊन ती निघाली, वाटेतच तिला कळा सुरू झाल्या आणि जन्मलेले मूल दगावले. हजरत उमर (रजि.) यांनी सहाबांचा सल्ला घेतला. काहींनी सांगितले की आपण तर शिस्त लावणारे आहात, आपल्यावर काही येत नाही. हजरत अली (रजि.) गप्प होते. त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी निर्भीडपणे सांगितले की त्या बालकाची दियत आपल्यावर येते, कारण ती आपल्या भीतीमुळेच प्रसूत झाली. हजरत उमर (रजि.) यांनी ते मान्य केले.

हा प्रसंग मी मदरशात शिकलो होतो आणि परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. गोदामामागे तो मला आठवला नाही. चांगला हेतू माणसाला परिणामाच्या हिशेबातून मुक्त करत नाही, हे मी डॉक्टरांचे शब्द ऐकल्यावर समजलो. हराम गोष्टीचा तिटकारा असणे हे ईमानचे लक्षण आहे. परंतु त्या तिटकाऱ्याच्या भरात हराम करणाऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

प्रेषितांनी (स.) काय केले होते? मद्य प्यायलेल्या एका माणसाला त्यांच्यासमोर आणले गेले आणि कोणीतरी त्याला शाप दिला. प्रेषितांनी (स.) आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे बजावले. एका तरुणाने तर त्यांच्याकडे व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बसवले, आपल्या आई-बहिणीबाबत हे तुला आवडेल का असे शांतपणे विचारले आणि त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. त्यांनी निषेध जराही सौम्य केला नाही. फक्त त्या तरुणाला दूर लोटले नाही.

आणि अल्लाहची हिकमत पाहा! वैद्यकशास्त्रही आज हेच सांगते. मूल वाफ हुंगताना दिसले तर ओरडू नका, पाठलाग करू नका, त्या क्षणी वाद घालू नका. शांत आवाजात त्याला मोकळ्या हवेत आणून बसवा, ती वस्तू हळूच दूर करा आणि जवळपास काडी किंवा विडी पेटू देऊ नका. बेशुद्ध झाले तर कुशीवर वळवा आणि लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. बोलणे, समजावणे, शिस्त लावणे हे सगळे दुसऱ्या दिवशी.

घरात काही खुणा दिसल्या तर दुर्लक्ष करू नका : कपड्यांना रसायनाचा वास, डाग पडलेले रुमाल, तोंड-नाकाभोवती पुरळ, लालसर डोळे, अडखळते बोलणे, रिकाम्या ट्यूब. "लोक काय म्हणतील" या भीतीने अनेक कुटुंबे हे लपवतात. उपचार घेणे ही बदनामी नाही. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे आणि मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय आहे, ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करत आहे. दुआ आणि दवा यांत विरोध नाही. प्रेषितांनी (स.) उपचार करण्याचीच शिकवण दिली आहे.

मशिदीच्या व्यवस्थापक बांधवांनाही एक विनंती. अशा मुलांना मकतबमधून काढून टाका, अशी सूचना आमच्याकडेही आली होती. इतर मुले बिघडतील, ही भीती मी समजतो. परंतु मशिदीचे दार बंद झाल्यावर त्या मुलासाठी कोणते दार उघडे राहते, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. गोदामामागच्या त्या जागेला दारच नाही.

तो मुलगा आता येतो. त्याचे वडील लूमवर बारा तासांची पाळी करतात. ते एका रात्री माझ्यासमोर बसून खूप रडले आणि त्यानंतर आठवड्यातून एक संध्याकाळ मुलासाठी राखू लागले. मुलगा पूर्ण सुटला, असे मी लिहिणार नाही. मधल्या काळात दोनदा त्याचा पाय घसरला. दोन्ही वेळा त्याने स्वतः येऊन सांगितले. मी ओरडलो नाही. गोदामामागच्या त्या दिवसाबद्दल मी त्याची माफी मागितली आहे. त्या वेळी तो गोंधळून गेला होता, कारण एखाद्या मौलानाने आपली माफी मागावी, असे त्याच्यासोबत कधी घडले नव्हते.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर आज आपल्या घरातील मुलाजवळ दहा मिनिटे बसा. प्रश्न विचारण्याआधी त्याचे ऐका. त्याच्यावरून कलम उचललेले असेल. आपल्यावरून ते उचललेले नाही.

अल्लाह आमच्या मुलांच्या बुद्धीचे आणि जीवांचे रक्षण करो, आम्हाला त्यांचे खरे राखणदार बनवो आणि आमच्या कठोर शब्दांमुळे जी मुले दूर गेली, त्यांना आमच्या जवळ परत आणो. आमीन.